पुसणाऱ्या बाईला बसायला जागा

चि. खिट्टूस,

ताईचा आशीर्वाद. तू मागत नाहीस तरी दरवेळी पाठवते, तसाच याही वेळी. पत्र पोस्टाने न येता हॉटेलातल्या गल्ल्यावरच्या माणसाने हातात दिलं म्हणून दचकू नकोस, त्याचा खुलासा शेवटी आहे. आधी शेवट वाचून टाकायची तुला लहानपणापासून खोड आहे, ती आजच्या दिवस आवर. चहा मागव आणि क्रमाने वाच.

तुझी प्रकृती कशी आहे? पाठ, डोळे, झोप? (मागच्या रविवारी फोनवर या तिघांवर आपलं साडेसहा मिनिटं बोलणं झालं. सातव्या मिनिटाला मी ‘माझा गुडघा’ एवढंच म्हटलं आणि तुझ्याकडे कुणीतरी दार वाजवलं. तुझ्या दाराचं आणि माझ्या गुडघ्याचं काय नातं आहे कळत नाही, पण मी गुडघा म्हटलं की दार वाजतं.) इकडे आम्ही सगळे मजेत आहोत. सगळे म्हणजे बाबा आणि मी. मजेत म्हणजे बाबांना उजव्या कानाने ऐकू येत नाही आणि डाव्या कानाने ऐकायचं नसतं. दिवसाला सात गोळ्या आहेत. त्यांतली पांढरी ते गालात धरून ठेवतात आणि माझी पाठ वळली की खिडकीतून टाकतात. खिडकीखालच्या कुंडीतलं झाड सध्या घरात सगळ्यात ठणठणीत आहे. डॉक्टरांनी माझ्या ऑपरेशनची तारीख दिली आहे आणि ती मी तुला तीनदा कळवली. नंतर तीन आठवडे मला जिना चढता येणार नाही, तोवर बाबांजवळ घरचं कुणीतरी हवं, हेही कळवलं. पहिल्या वेळी तू लिहिलंस, बघतो. दुसऱ्या वेळी लिहिलंस, नक्की बघतो. तिसऱ्या वेळी एकोणीस दिवसांनी तू नुसता अंगठा पाठवलास. तो मी डॉक्टरांना दाखवला नाही, उगाच त्यांना वाटायचं की अंगठ्याचंही काही करायचं आहे. ते असो. हे पत्र त्यासाठी नाहीच. हे पत्र तुझ्या खेळाबद्दल आहे.

तू म्हणशील, ताईला खेळ कुठून कळला. तू तर ताकास तूर लागू दिली नव्हतीस. ‘कॉम्प्युटरचं काहीतरी’ यापलीकडे तुझ्या कामाचं वर्णन तू कधी केलं नाहीस, आणि कुणी विचारलं तर मीही तेच सांगायची, फक्त जरा मान ताठ करून, म्हणजे ऐकणाऱ्याला वाटावं की काहीतरी मोठं असणार. तर झालं असं, की आपल्या कारखान्याखाली पूर्वी छत्र्या दुरुस्त करणारा बसायचा, तिथे आता चार वर्षांपासून चष्म्यांचं दुकान आहे. चष्मेवाले भले गृहस्थ. (हो, तेच. वाचत राहा.) गिऱ्हाईक नसलं की वर येऊन बाबांशी गप्पा मारतात, म्हणजे ते मारतात आणि बाबा त्यांच्याकडे गाठ निघालेल्या फळीकडे बघावं तसं बघतात. त्यांनी एक दिवस सांगितलं, की ताई, तुमच्या भावाच्या खेळाबद्दल पेपरात आलंय, सापळे लावायचा खेळ आहे, फार नाव झालंय त्याचं. मी तेव्हा स्प्रिंगला पीळ देत होते, तो एक जास्त बसला. उंदरांच्या सापळ्यांच्या या कारखान्यात उभं राहून, बावीस वर्षांचा असताना, ‘मी जन्मात पुन्हा सापळ्याला हात लावणार नाही’ असं जो बाबांच्या तोंडावर बोलून गेला, त्याने सापळ्यांवरच नाव कमावलं. म्हणजे तू धंदा सोडलाच नव्हतास. फक्त आम्हाला सोडलं होतंस.

चिकट पुठ्ठे निघाल्यापासून आपला लाकडी सापळा विचारतंय कोण, त्यामुळे दुपारी जेवणानंतर कारखान्यात मी, बंद मशीन आणि भिंतीवरची पाल एवढेच असतो. चष्मेवाल्यांनी तुझा खेळ कारखान्यातल्या कॉम्प्युटरवर घालून दिला आणि मी बसले. तुझा खेळ आता तुलाच समजावून सांगते, कारण आपण काय करून ठेवलंय हे करणाऱ्याला सहसा माहीत नसतं. खेळाचं नाव ‘या, बसा’. मोठ्या घरात एक खोकणारा म्हातारा राहतो, गळ्याला मफलर. त्याला माणसं नको आहेत. माणसं मात्र यायची थांबत नाहीत. सल्ला द्यायला मेहुणा येतो, विमेवाला येतो, ‘सहज इकडून चाललो होतो’ म्हणणारी जोडपी येतात, भिंती मनातल्या मनात मोजणारा पुतण्या येतो. म्हातारा दारात म्हणतो, या, बसा. आपण त्याच्या वतीने जमिनीच्या फळ्या सैल करायच्या, खुर्चीखाली स्प्रिंग बसवायची, कपाटाचा एक पाय कापून ठेवायचा. पाहुणा टेकला की छताला, छतावरून पंख्याला, पंख्यावरून थेट मागच्या विहिरीत. एकाच फेरीत तीन सापळे लागले तर जास्त गुण. आणि जाता जाता प्रत्येक जण काहीतरी सभ्य बोलून जातो. विमेवाला विहिरीतून म्हणतो, सवडीने विचार करा. मेहुणा म्हणतो, मी आधीच सांगितलं होतं. मला हसू आलं, हे कबूल करते. पहिल्या आठवड्यात मी चारशे बारा माणसं मारली आणि माझं ब्लडप्रेशर इतकं उतरलं, की डॉक्टरांनी विचारलं, फिरायला जाता का. मी म्हटलं, नाही, पाहुणे येतात.

दुसऱ्या आठवड्यात हसू जरा कमी झालं. खेळातल्या घराला खोल्या नऊ आहेत, आपल्याला तीन, शिवाय कारखाना, पण जिन्याची चौथी पायरी दोन्हीकडे तडकलेली. मागचं दार उचलून धरल्याशिवाय लागत नाही, तेही दोन्हीकडे. आणि पडद्याच्या कोपऱ्यात मधूनमधून म्हाताऱ्याच्या ‘युक्त्या’ उमटतात, त्या मी वाचल्या आणि हातातला माऊस खाली ठेवला. ‘सापळा लावणाऱ्याने सापळ्याजवळ थांबू नये, माणसाचा वास येतो.’ ‘आमिष म्हणजे उंदराला आवडतं ते नव्हे, त्याच्या सवयीचं असतं ते.’ अरे, हे जेवताना आपल्या ताटात भातासारखं वाढलं जायचं. तू उंदराच्या जागी पाहुणा लिहिलंस आणि जगाला वाटलं, काय विनोदबुद्धी आहे. सापळा फसला की म्हातारा जे ओरडतो, ‘कारखान्यात राक्षस जन्माला आलाय,’ तेसुद्धा बाबांचंच, आणि तुलाच उद्देशून. (मला ते कधी असं म्हणाले नाहीत. माझ्याकडून सापळा फसायचाच नाही, मग म्हणायचं काय. राक्षसांना निदान आवाज दिला जातो.)

पण खरी गोष्ट पुढेच आहे. प्रत्येक खोली संपली, सगळे पाहुणे मार्गी लागले, की डाव्या दारातून एक बाई येते. बाह्या वर सारलेल्या, केस कसेतरी आवळलेले, एका हातात बादली, दुसऱ्या हातात पुसायची काठी. चालताना डावा पाय किंचित ओढते. भिंतीवरचे डाग पुसते, गेलेल्यांचे जोडे भिंतीशी ओळीने लावते आणि आली तशी जाते. तिला नाव नाही. संवाद नाहीत. तिच्या कामाला गुण नाहीत. चुकून आपल्या सापळ्यात सापडली तर आपले पन्नास गुण कापले जातात, तिला मात्र काही होत नाही. उठते, बादली सरळ करते आणि स्वतःच्याच पडण्याने सांडलेलं पाणी स्वतःच पुसते. खेळणारे लोक तिला पुसणारी म्हणतात. पहिल्या आठवड्यात मी म्हटलं, असतात अशा बायका. मग एक दिवस ती जाता जाता थांबली आणि पायपुसण्याचं दुमडलेलं टोक पायाच्या अंगठ्याने सरळ करून गेली. ते कोण करतं, तुला माहीत आहे. आई त्यावरून मला किती बोलायची, तेही माहीत आहे. त्या दिवशी मी खेळ बंद केला, कारखान्याची फरशी पुसायला घेतली आणि पुसता पुसता दोनदा मागे वळून बघितलं, की कुणी चालवत तर नाही ना मला.

राग आला, सरळ सांगते. म्हाताऱ्याला तू मफलर दिलास, खोकला दिलास, बोलायला वाक्यं दिलीस. पाच मिनिटांत मरणाऱ्या विमेवाल्यालासुद्धा मिशी दिलीस. तू गेल्यापासून चोवीस वर्षं या घरात राहिलेल्या बहिणीला दिलीस काय, तर बादली. आणि तीही अशी, की तिचं पाणी कधी गढूळ होत नाही. (ज्याने जन्मात फरशी पुसली नाही तोच अशी बादली काढू शकतो.)

खेळाच्या कंपनीला तक्रारी पाठवायचा एक पत्ता आहे. तिथे चष्मेवाल्यांच्या नावाने एक तक्रार गेली, की चौथ्या खोलीत पुसणाऱ्या बाईची काठी भिंतीतून आरपार जाते. चाळीस मिनिटांत उत्तर, खाली तुझं नाव. ‘आदरणीय सर, आपण इतक्या बारकाईने पाहिलंत याबद्दल मनापासून आभार.’ चाळीस मिनिटं. तेव्हा माझा तिसरा निरोप तुझ्याकडे अकरा दिवस पडून होता. मग चष्मेवाल्यांच्या नावाने बादलीबद्दल गेलं. पुढच्याच आठवड्यात पाणी गढूळ व्हायला लागलं, आणि पुन्हा आभार. मग एक प्रश्न गेला, की ही बाई नऊ खोल्यांत एकदाही बसत नाही, तिला बसायला काही जागा आहे का. त्यावर तुझं उत्तर मला तोंडपाठ आहे. ‘सर, ते पात्र गौण असल्याने त्याच्यासाठी बसण्याची हालचाल तयार केलेली नाही.’ मी ते दोनदा वाचलं. मग बाबांचं पाणी तापवायला गेले, कारण वेळ झाली होती.

बाबा यात कसे आले ते सांगते. एक दिवस त्यांचा डोळा लागलाय असं समजून मी कॉम्प्युटर त्यांच्याच खोलीत लावला होता. मेहुणा कपाटाला हुलकावणी देऊन निघून गेला आणि मागून आवाज आला, ‘चाप उलटा लावलायस.’ बघते तर बाबा कोपरावर उठून बसलेले. मी चाप फिरवला. मेहुणा गेला विहिरीत. बाबा म्हणाले, ‘आता खुर्ची हातभर अलीकडे घे. माणूस पण उंदरासारखाच, भिंत धरून चालतो.’ त्या दुपारपासून रोज दोन तास आमची बैठक. त्यांचे हात थरथरतात, त्यामुळे डोकं त्यांचं आणि हात माझे. (कारखान्यातही हेच होतं, फक्त तेव्हा त्यांचे हात थरथरत नव्हते.) आई गेल्यापासून आमच्या दोघांत जेवलात का, गोळी घेतली का, दार लावलं का, या तीन वाक्यांपलीकडे बोलणं नव्हतं. आता ते सकाळीच विचारतात, आज पुतण्या यायचाय ना? सात वर्षांत मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं, आणि हसले ते माणूस विहिरीत पडल्यावर. असतं एकेकाचं.

खेळातला म्हातारा कोण, हे त्यांना कळायला चार दिवस लागले. आधी म्हणाले, हा माणूस औषध वेळेवर घेत नाही. मग म्हणाले, मफलर ओळखीचा वाटतो. चौथ्या दिवशी बराच वेळ ऐकत राहिले आणि म्हणाले, ‘मी एवढा वाईट खोकत नाही.’ मी म्हटलं, आता कॉम्प्युटर खिडकीतून जातो, पांढऱ्या गोळीच्या मागोमाग. पण ते उशीला टेकले आणि म्हणाले, ‘पोरानं चाप मात्र बरोबर ओळखलाय. धंदा पुढे नेला म्हणायचा.’ हे ऐकून मी स्वयंपाकघरात गेले आणि पाण्याचा नळ मोठा सोडून उभी राहिले. चोवीस वर्षं मी सापळे केले, खिट्टू. वायरीने माझी बोटं बघ कशी झाली आहेत. कारखाना मी चालवला, गिऱ्हाइकांची बोलणी मी खाल्ली, आणि धंदा पुढे नेला कुणी, तर रविवारी साडेसहा मिनिटं फोन करणाऱ्याने. करणारा करतो आणि हार तिसऱ्याच्या गळ्यात पडतो म्हणतात. इथे तिसरासुद्धा नाही, आपण दोघंच. परत बाहेर आले तर बाबा पडद्याकडे बघत होते. पुसणारी जोडे लावत होती. म्हणाले, ‘ही बाई चांगली आहे. किती दिवस बघतोय, बोलत नाही, चुकत नाही.’ मी विचारलं, कोण आहे ती, ओळखलंत का? म्हणाले, कामाला असेल कुणी. माझं आयुष्यभराचं कौतुक झालं ते असं, परस्पर.

आता नववी खोली. ‘घरचा माणूस.’ यात पाहुणा एकच, हातात बॅग घेतलेला म्हाताऱ्याचा मुलगा. त्याला घरातली प्रत्येक फळी माहीत असते. तडकलेली पायरी टाळतो, खुर्चीत बसत नाही, कपाटापासून लांब राहतो, घरभर नजर टाकतो आणि मागच्या दाराने निसटतो. दार बंद केलंत तर खिडकीने. चष्मेवाल्यांनी शोधून सांगितलं, की जगात ही खोली कुणालाच जिंकता आलेली नाही. बाबांनी आणि मी सतरा दिवस घालवले. त्यांनी जिन्याला दुहेरी चाप लावून पाहिला, छत सैल केलं, शेवटी तर घराला घर ठेवलं नाही. मुलगा प्रत्येक वेळी बॅग सांभाळत निघून जायचा, आणि प्रत्येक वेळी बाबा म्हणायचे, परत लाव. अठराव्या दिवशी ‘परत लाव’ आलं नाही. मला वाटलं पांढरी गोळी गालात आहे. मग म्हणाले, ‘सगळे काढ.’ मी विचारलं, काय काढू? ‘सापळे काढ सगळे. दोन्ही दारं उघडी टाक, पुढचं आणि मागचं. म्हातारा उंदीर आरपार दिसलं तरच आत शिरतो.’ हा नियम तू खेळात कुठे लिहिलेला नाहीस. मला वाटलं होतं तू विसरलास. तू घर सोडलंस त्या दिवशी बाबा काय म्हणाले होते आठवतं? जायचं तर जा, दार उघडं आहे. मी जिन्यात उभी होते, मी दोघांचंही ऐकलं होतं.

मी सगळे सापळे काढले. मुलगा आला. पायपुसण्याशी थांबला, इकडेतिकडे बघितलं, मागचं दार उघडं आहे हे बघितलं, आणि गेला नाही. बॅग खाली ठेवली आणि म्हाताऱ्याच्या समोरच्या खुर्चीत बसला. काही झालं नाही. कुणी छताला गेलं नाही. गुणांचा आकडा शून्यच राहिला. मग डाव्या दारातून पुसणारी आली, बादली आणि काठी घेऊन. पुसायला काहीच नव्हतं. तिने खोलीभर बघितलं, बादली खाली ठेवली, काठी भिंतीला लावली आणि जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर, चौथी तडकलेली म्हणून तिसऱ्या, ती बसली. पाय लांब केला आणि डावा गुडघा चोळायला लागली, आधी तळव्याने, मग अंगठ्याने वाटीभोवती.

बसण्याची हालचाल तयार केलेली नाही, असं तू लिहिलं होतंस.

आई गेली तेव्हा तू दोन दिवस आलास आणि दोन्ही दिवस फोनवर होतास. दुसऱ्या दिवशी सगळी माणसं गेल्यावर मी जिन्यात बसले होते, तिसऱ्या पायरीवर, आणि तू वरच्या दारात फोन कानाला लावून कुणाला तरी हो हो म्हणत उभा होतास. मला वाटलं होतं तू माझ्याकडे बघत नाहीस. तू अंगठासुद्धा बरोबर काढला आहेस. सात वर्षांपूर्वी तू बघितलंस, तीन वर्षांपूर्वी ते खेळात घातलंस, असं दडवून की कुणाला सापडू नये, आणि तीन महिन्यांपूर्वी मी फोनवर पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मला विचारलंस, ‘गुडघा? कधीपासून?’ मी खुळी, तुला तारखा सांगत बसले. तुला माहीत नाही असं समजून मी इतकी वर्षं तुला माफ करत आले होते. आता कशाच्या आधाराने माफ करू, ते तूच सांग.

बाबा त्या दिवशी पडद्याकडे पुष्कळ वेळ बघत होते. मग माझ्याकडे बघितलं. मग पुन्हा पडद्याकडे. म्हणाले, ‘तुझा पाय दुखतो होय?’ मी म्हटलं, थोडा. त्यानंतर त्यांनी पांढरी गोळी माझ्यासमोर गिळली आणि तोंड उघडून दाखवलं.

बाकी सर्व क्षेम. खाण्यापिण्याची आबाळ करू नकोस, पाठीला शेक घे. खेळ चांगला केला आहेस. विहिरीचा आवाज तेवढा खोटा वाटतो.

तुझी,
डाव्या दारातून येणारी
ताई

ता. क. चष्मेवाल्यांना तुझा खेळ आवडला नाही. त्यांचा साडू विमेवाला आहे, पहिल्याच खोलीत त्यांनी डोळे मिटले आणि खाली निघून गेले. नाव तेवढं त्यांचं, तक्रारी सगळ्या माझ्या. तू मला अकरा वेळा सर आणि चौदा वेळा आपण म्हणाला आहेस, त्याबद्दल मनापासून आभार. नवव्या खोलीचं कळवल्यावर अकरा मिनिटांत तुझं उत्तर आलं, की तीन वर्षांत हे कुणालाही दिसलेलं नाही, सर, मला तुम्हाला भेटायचंच आहे, मी येतो, कुठे येऊ? मी शहर सांगितलं. तू लिहिलंस, ‘त्या शहरात मी लहानपणी होतो. आता तिथे माझं कुणी नाही, त्यामुळे दिवसभर मोकळा आहे.’ म्हणून स्टेशनसमोरचं हॉटेल, म्हणून आज दुपारी चार. तुझ्यासमोरची रिकामी खुर्ची माझी आहे. सापळा लावणाऱ्याने सापळ्याजवळ थांबू नये, म्हणून मी तिथे नाही. आमिषाचंही बाबांच्याच नियमाने केलं. बहिणीच्या हाकेची तुला सवय नाही, तक्रारीची आहे.

ता. क. दुसरा. तू मोकळा आहेस हे तूच लिहून दिलं आहेस, तेव्हा आता मागते. मी आज दुपारी दाखल होतेय, ऑपरेशन उद्या सकाळी सात वाजता. चष्मेवाले बाबांजवळ संध्याकाळी आठपर्यंत बसतील, मग त्यांना त्यांचं घर आहे. तीन आठवडे तू घरी राहा. गोळ्यांची यादी कपाटाच्या दाराला आतून लावली आहे. गोळी दिल्यावर पाठ वळवू नकोस. मागचं दार उचलून लाव. फरशी एक दिवसाआड, आणि बादलीतलं पाणी बदलायचं असतं.

ता. क. तिसरा. हॉटेलला मागे दार आहे, स्वयंपाकघरातून थेट स्टेशनाकडे निघतं. त्याला कडी घालू नका, असं मी सांगून ठेवलं आहे. परतीची गाडी पाच चाळीसला. घराचीही दोन्ही दारं उघडी आहेत. कुठेही काहीही लावलेलं नाही.

ता. क. चौथा. बाबांना मी काल सगळं सांगितलं. ते म्हणाले, हॉटेलापर्यंत तक्रारीवर येईल, पण घरापर्यंत यायला आमिष काय ठेवलंयस? मी म्हटलं, तुम्ही. त्यांनी हनुवटीवरून हात फिरवला. मग म्हणाले, उद्या दाढीला पाणी तापव. पाणी तापवून देऊन मी निघतेय. दवाखान्यात दुसरा मजला, बायकांचा वॉर्ड, भेटायची वेळ पाच ते सात. आलास तर कोणता गुडघा, हे मला विचारू नकोस. तो तूच काढलेला आहेस.